तोंडाची रचना: आरसा, बोट आणि काढलेले दात घेऊन (बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या, पहिल्या वर्षासाठी)

पहिल्या वर्षाच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी एक प्रश्न दरवर्षी विचारते. पॅरोटिड, म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तोंडात कुठे उघडते? उत्तर जवळजवळ सगळ्यांना पाठ असतं: गालाच्या आतून, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर. मग मी आरसा पुढे करते आणि म्हणते, "आता स्वतःच्या तोंडात दाखव." तिथे बहुतेकांची गाडी अडते. ज्या तोंडाने उत्तर दिलं त्याच तोंडात ती जागा आहे, पण तिकडे नजर कधी गेलेलीच नसते.

म्हणून माझं सांगणं असं, की तोंडाची रचना आधी बोटाला कळू द्या, नावं नंतर पाठ करा. नाव विसरलं तर पुस्तक उघडून परत मिळतं. बोटाला जागा माहीत नसेल तर पेशंट खुर्चीत बसलेला असताना ती शोधत बसता येत नाही. खाली दिलेला क्रम मी माझ्या मुलांकडून करून घेते तोच आहे. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते.

तयारी

भिंतीवरचा आरसा, माउथ मिरर, गॉजचे तुकडे आणि मोबाइलचा टॉर्च. माउथ मिररवर वाफ धरते, तेव्हा तो आधी कोमट पाण्यात बुडवून घ्या. नखं कापलेली आणि हात साबणाने धुतलेले हवेत. दुसऱ्याच्या तोंडात बोट घालायचं असेल तर ग्लोव्हज हवेतच, तो रूममेट असला तरी.

काढलेले दात गावातल्या किंवा कॉलेजजवळच्या डॉक्टरांकडे मागितले की मिळतात. पण बरणीत आणले आणि लगेच हातात घेतले असं करू नका. काढलेला दात म्हणजे रक्त लागलेला अवयव. तो घासून स्वच्छ करून ऑटोक्लेव्ह करावा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावा लागतो. ज्या दातात चांदीचं, म्हणजे अमाल्गमचं फिलिंग आहे तो ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचा नाही, पाऱ्याची वाफ होते. असे दात १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात. डिपार्टमेंटमध्ये विचारून, तिथल्या पद्धतीनेच हे करा.

आधी दाताचा पत्ता

समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाचे चार भाग करा. त्याचा वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं: दोन पटाशीचे दात, सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. १६ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली दाढ. ही एफडीआयची, म्हणजे जागतिक दंत संघटनेची पद्धत. उच्चार 'एक-सहा' असा करा, 'सोळा' म्हणू नका. अमेरिकेत दात सलग १ ते ३२ मोजतात आणि तिथे सोळा नंबर म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. दुधाच्या दातांसाठी भागांचे आकडे ५ ते ८ होतात आणि प्रत्येक भागात पाचच दात, एकूण २०.

उजवं-डावं नेहमी पेशंटचं, आपलं नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक जण यात चुकतो. ती चूक कागदावर असतानाच मोडून काढा, कारण चुकीच्या बाजूचा दात काढला जातो तेव्हा सुरुवात बऱ्याचदा इथूनच झालेली असते.

इथे थोडं थांबून सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेबद्दल सांगते, कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. पहिली कायमची दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळतच नाही. मग ती किडते, दुखते, आणि आई म्हणते, "दुधाचीच दाढ आहे, पडेल." आठ-नऊ वर्षांच्या मुलाची कायमची दाढ खुंट झालेली मी किती वेळा पाहिली आहे. यावर इलाज सोपा आहे. मधल्या रेषेपासून बोट ठेवत मोजा: पाचांच्या जागी दुधाचे दात आहेत किंवा त्यांच्याजागी नवे येतील. सहावा मात्र कायमचा. हे मोजणं पेशंटच्या आईला आरशात दाखवता आलं, तर पहिल्या वर्षाचं हे ज्ञान त्याच दिवशी कामी आलं.

ओठ आणि गाल

खालचा ओठ बाहेर उलटा करा. मधोमध हिरडीला बांधणारी पातळ घडी म्हणजे फ्रेनम. ओठ पुसून मिनिटभर थांबलात तर त्यावर लाळेचे बारीक थेंब उगवताना दिसतात. या किरकोळ लाळग्रंथी. ओठ चावला जाऊन यातली एखादी नळी तुटली की लाळेने भरलेली फुगी येते, तिला म्युकोसील म्हणतात.

आता गाल. तोंड अर्धवट उघडा, पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि काही दिसत नाही. माउथ मिररने गाल बाहेर ओढा आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर बघा. मोहरीएवढा उंचवटा दिसेल. गॉजने तो पुसून कोरडा करा. मग बाहेरून, कानाच्या पुढे बोटं ठेवून गालावरून पुढच्या दिशेने हलकेच दाबत या. उंचवट्याच्या टोकावर पारदर्शक थेंब जमतो आणि ओघळतो. नील्स स्टेन्सन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात वर्णन केलेली नळी ती हीच. थेंब स्वच्छ असावा. गढूळ किंवा पू असेल तर ग्रंथीत संसर्ग आहे.

ही नळी बाहेरूनही लागते. दात घट्ट आवळा. गालाच्या हाडाच्या कमानीखाली बोटभर अंतरावर, मॅसेटर स्नायूच्या पुढच्या कडेवर बोट वर-खाली घोळवा. जाड दोऱ्यासारखं काहीतरी बोटाखालून सटकतं. तिथून ती आत वळते, गालातल्या बक्सिनेटर स्नायूला भोक पाडून तोंडात येते. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला टार्टर, म्हणजे दातावरचा कडक थर, का साठतो, याचं उत्तर या थेंबात आहे: लाळेतलं कॅल्शियम रोज तिथेच पडतं.

गालावर दातांच्या रेषेत पांढरी लकेर दिसली तर ती लिनिया अल्बा. पिवळसर ठिपके दिसले तर फोर्डाइस ग्रॅन्युल्स, म्हणजे तेलग्रंथी. दोन्हींना औषध नको, पेशंटला घाबरवायचंही कारण नाही.

गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत बोट पूर्ण मागेपर्यंत फिरवा. आपल्याकडे तंबाखू-चुन्याची गोळी, विदर्भात खर्रा, ठेवतात ती हीच जागा, आणि भारतात तोंडाच्या कॅन्सरचं हे नेहमीचं ठिकाण आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूने कडक झालेले गाल ओपीडीत रोज येतात. निरोगी गाल बोटाला ओल्या रेशमासारखा लागतो. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये, म्हणजे गाल कडक होण्याच्या या आजारात, त्याच गालात उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात आणि पृष्ठभाग पांढुरका पडतो. स्वतःचा निरोगी गाल बोटाला ओळखीचा असेल तरच तो फरक पहिल्या स्पर्शात कळेल.

याच खाचेत अजून दोन खुणा आहेत. वरच्या पहिल्या दाढेच्या वर बोटाला हाडाचा टणक खांब लागतो, तो झायगोमाचा, म्हणजे गालाच्या हाडाचा. खाली दोन उपदाढांच्या मुळांच्या टोकाजवळ दाबलंत तर ओठात किंचित झिणझिणी येते. तिथे मेंटल फोरामेन हे हाडातलं भोक आहे, आणि खालच्या ओठाची संवेदना घेऊन मज्जातंतू त्यातूनच बाहेर पडतो.

दात तळहातावर

यावर जास्त वेळ द्या. एकच दात उचला आणि चार प्रश्न याच क्रमाने विचारा: वरचा की खालचा, कुठल्या प्रकारचा, कितवा, आणि कुठल्या बाजूचा. शेवटचा प्रश्न सगळ्यांना छळतो.

बाजू ओळखायला मेसियल म्हणजे मधल्या रेषेकडची बाजू आणि डिस्टल म्हणजे मागची बाजू शोधायची असते. तीन खुणा बहुतेक दातांवर चालतात. मुळाचं टोक साधारण डिस्टलकडे झुकतं. पुढच्या दातांचा मेसियल कोपरा टोकदार, डिस्टल कोपरा गोलसर. आणि इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, जिथे संपतं ती मानेची रेषा मेसियल बाजूला जास्त वर चढते: वरच्या मधल्या पटाशीच्या दातावर मेसियलला सुमारे ३.५ मिलिमीटर, डिस्टलला २.५. या रेषेवर नख फिरवायची सवय लावा. डोळा फसतो, नखाला वळण बरोबर कळतं.

अपवाद मात्र वेगळे लक्षात ठेवावे लागतात. वरची पहिली उपदाढ: इथे चावण्याच्या बाजूवरच्या, गालाकडच्या टोकाचा मेसियल उतार डिस्टलपेक्षा लांब असतो, इतर दातांच्या उलट. तिच्या मेसियल बाजूला मानेजवळ खोलगट खड्डा असतो, अंगठा तिथे बसतो. मुळं बहुतेक वेळा दोन. दुसऱ्या उपदाढेला हा खड्डा इतका ठळक नसतो आणि मूळ बहुधा एकच. खालच्या पहिल्या उपदाढेचं जिभेकडचं टोक इतकं लहान असतं की चावण्यात त्याचा भाग नसतो, आणि जिभेच्या बाजूला मेसियलकडे एक खाच उतरते. ती खाच दिसली की बाजू ठरली. खालचा मधला पटाशीचा दात इतका सममित असतो की अनुभवी माणसालाही वेळ लागतो. त्याच्या शेजारचा दात वरून बघा: मुकुट, म्हणजे दाताचा हिरडीबाहेरचा भाग, मुळावर किंचित पिळलेला दिसतो, डिस्टलकडे वळलेला.

सुळा सगळ्यात लांब. वरच्या सुळ्याची मुकुटासह लांबी सरासरी २७ मिलिमीटरच्या आसपास, त्यातलं १७ मूळ. म्हणून म्हातारपणी बाकीचे दात गेल्यावरही सुळे तग धरून असतात.

आता वरची पहिली दाढ. तळहातावर मुळं वर करून ठेवा, ती तोंडात असते तशी. तीन मुळं: दोन गालाकडे, एक टाळूकडे. टाळूचं मूळ सगळ्यात लांब आणि वेगळं फाकलेलं, त्यामुळे आतली बाजू लगेच ठरते. मग दाढ उलटी करून चावण्याची बाजू डोळ्यांसमोर धरा. आकार चौकोन एका कोपऱ्यातून ओढल्यासारखा, समभुज पण तिरका. चार टोकं दिसतील. सगळ्यात मोठं टोक मेसियल आणि टाळूकडचं. त्या टोकावरून एक कडा तिरकी चढत डिस्टल-गालाकडच्या टोकापर्यंत जाते. ही ऑब्लिक रिज, आणि ती दिसली की दाढ वरचीच. मोठ्या टोकाच्या टाळूकडच्या अंगाला कधी बारीक फुगवटा, कधी नुसती खळी असते. व्हिएन्नातल्या गेऑर्ग काराबेली या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं, म्हणून तिला काराबेलीचं टोक म्हणतात. ते मेसियल बाजूलाच असतं, म्हणजे बाजू ठरवायला आणखी एक साक्षीदार मिळाला. टाळूचं मूळ आणि ऑब्लिक रिज या दोन गोष्टी मिळाल्या की ही १६ आहे की २६, हे अर्ध्या मिनिटात सांगता येतं. गालाकडच्या मेसियल मुळात बहुतेक वेळा दोन कालवे, म्हणजे मुळातून जाणाऱ्या बारीक नळ्या, असतात आणि दुसरा कालवा शोधताना रूट कॅनॉल करणाऱ्यांचा घाम निघतो, हे आत्ताच कानावर असू द्या.

खालच्या पहिल्या दाढेला पाच टोकं, तीन गालाकडे आणि दोन जिभेकडे. मुळं दोन, एक पुढे, एक मागे, आणि पुढच्या मुळात दोन कालवे. मुकुट जिभेकडे कललेला. दुधाच्या दाढांपैकी दुसरी ही पहिल्या कायमच्या दाढेची छोटी प्रत असते. पहिली मात्र कुणासारखीच नसते.

मेणाचा दात

कार्व्हिंगला, म्हणजे मेणातून दात कोरण्याला, मुलं शिक्षा समजतात. मला ते डोळ्यांचं शिक्षण वाटतं, कारण मेणाच्या ब्लॉकमधून दात काढताना प्रत्येक फुगवटा कुठे आहे ते ठरवावंच लागतं. सुरुवात वरच्या मधल्या पटाशीच्या दातापासून. मापं पाठ हवीत: मुकुट १०.५ मिलिमीटर, मूळ १३, मुकुटाची रुंदी ८.५, मानेशी ७, ओठ ते जीभ जाडी ७, मानेशी ६. कॉलेजने दुप्पट माप सांगितलं असेल तर सगळी मापं दुप्पट.

ब्लॉकच्या बाजूच्या अंगावर आधी दाताचं बाजूचं चित्र काढा आणि तेवढंच कापा. मग त्या वळणदार झालेल्या पुढच्या पृष्ठभागावर ओठाकडून दिसणारं चित्र काढून उरलेलं कापा. दोन्ही चित्रं एकदम काढून ठेवलीत तर पहिलं कापताना दुसरं निघून जातं. आता तुमच्या हातात चौकोनी कडांचा दात आहे. कडा लगेच गोल करायला धावू नका. आधी मानेची रेषा कोरा, मेसियलला उंच आणि डिस्टलला कमी. मग मूळ गोलाकार त्रिकोणी करा आणि शेवटी जिभेकडचा खड्डा खणा. बिघडलेले बहुतेक दात मला याच एका चुकीचे दिसतात: ओठाकडचा पृष्ठभाग सपाट केलेला असतो. खऱ्या दातावर सगळ्यात मोठा फुगवटा मानेजवळच्या तिसऱ्या भागात असतो. ब्लॉक डोळ्यांसमोर आडवा धरून उजेड त्यावरून सरकवत बघा, फुगवटा कुठे आहे ते सावली सांगते.

उन्हाळ्यात मेण हातातच मऊ पडतं आणि कार्व्हर (कोरायचं हत्यार) ओरखडे काढतो. वाटीत थंड पाणी ठेवा, मधून मधून ब्लॉक बुडवा. हत्याराचा फटका नेहमी एकाच दिशेने आणि पातळ. चकाकी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने आणा, तीही शेवटच्या दहा मिनिटांत.

हिरडी आणि दाताची मुळाशी गाठ

दाताच्या आतली रचना हिस्टॉलॉजीच्या स्लाइडवर बघालच, इथे दोन-तीन आकडे पुरे. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यात कठीण भाग, आणि एकदा गेला की परत येत नाही, कारण तो बनवणाऱ्या पेशी दात बाहेर आल्यावर उरत नाहीत. त्याखालचं डेंटिन जिवंत असतं, त्यात ७० टक्क्यांच्या आसपास खनिज. मूळ आणि हाड यांच्यामधला लिगामेंट साधारण ०.२ मिलिमीटर जाड. सुताएवढ्या त्या फटीमुळे दाताला झोका मिळतो आणि भाकरीत खडा आला की कळतं.

हिरडीची कड आरशात पाहा. निरोगी हिरडी दातांमध्ये टोकदार भरलेली असते, प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) हलकेच सरकवला तर १ ते ३ मिलिमीटर आत जातो आणि रक्त येत नाही. त्या खाचेच्या तळाशी एपिथेलियम (वरचं पातळ आवरण) आणि त्याखाली तंतू दाताला चिकटलेले असतात. गार्ज्युलो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हे मोजलं: सरासरी ०.९७ आणि १.०७, मिळून २.०४ मिलिमीटर. कॅपची कड या दोन मिलिमीटरांत घुसवली की हिरडी कायम सुजलेली राहते. पेशंट वर्षानुवर्षं म्हणत राहतो, "कॅप बसवल्यापासून इथून रक्त येतं," आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

जीभ आणि तोंडाचा तळ

जिभेचं टोक गॉजमध्ये धरा आणि हलकेच बाहेर, एका बाजूला ओढा. मागच्या कडेला उभ्या घड्या दिसतील. त्या फोलिएट पॅपिली, निरोगी. दरवर्षी कुणीतरी घाबरून विचारायला येतं. पण ही कड नीट बघायची सवय लागलीच पाहिजे, कारण जिभेचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा इथेच दिसतो. पाठीवर मागे उलट्या व्हीच्या आकारात आठ ते बारा मोठे दाणे असतात, सर्कमव्हॅलेट पॅपिली. त्यांच्यापुढच्या दोन तृतीयांश भागाची स्पर्शसंवेदना लिंग्वल नर्व्हकडे, चव कॉर्डा टिम्पनी या नर्व्हकडे. मागच्या तिसऱ्या भागात दोन्ही कामं मेंदूतून निघणाऱ्या नवव्या नर्व्हची. जीभ हलवणारी बारावी, पॅलाटोग्लॉसस हा स्नायू तेवढा वगळून.

आता जीभ वर टाळूला लावा. निळसर शिरा, मधला दोर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे उंचवटे. ते गॉजने पुसा आणि कच्च्या चिंचेचा विचार करा. उंचवट्यांतून लाळ उसळते, कधी कधी पिचकारीसारखी. ही सबमँडिब्युलर ग्रंथीची व्हार्टनची नळी. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टार्टरचा थर का, हे आता वेगळं सांगायला नको. ही लाळ दाट असते आणि तिला खालून वर चढत यावं लागतं, त्यामुळे लाळग्रंथीतले बहुतेक खडे याच नळीत होतात. शोधायची पद्धत अशी: एक बोट तोंडात जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली, आणि दोन्हींच्या मध्ये मऊ गोलसर ग्रंथी पकडायची. मान थोडी खाली झुकवली की पकड बसते. तिथेच लिम्फ नोड्स, म्हणजे लसिकेच्या गाठीही तपासा. हनुवटीखालच्या नोड्सकडे खालचे पुढचे दात आणि जिभेचं टोक यांची लिम्फ जाते, बाकीच्या बऱ्याच दातांची जबड्याखालच्या नोड्सकडे.

या तळाला धरून ठेवणारा स्नायू मायलोहायॉइड. जबड्याच्या आतल्या बाजूला तो एका तिरक्या रेषेवर चिकटतो, पुढे खाली आणि मागे वर. या एका रेषेने जीव वाचतो किंवा धोक्यात येतो. पुढच्या दातांची मुळं रेषेच्या वर संपतात, त्यांचा पू जिभेखाली जमतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळं रेषेखाली जातात, तिथला पू मानेच्या बाजूला उतरतो. दोन्ही बाजूंच्या या जागा एकदम भरल्या की जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. विल्हेल्म फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये हे वर्णन केलं. अक्कलदाढ दुखत असलेला पेशंट बोलताना बोबडा वाटला, जीभ वर आलेली दिसली, लाळ गिळत नसेल, तर औषध लिहून घरी पाठवायचं नाही, लगेच हॉस्पिटलला.

टाळू

जिभेने टाळू चाचपा. पुढच्या दातांमागे छोटी गाठ, तिच्यामागे आडव्या वळ्या, मग मधली रेषा. गाठीखाली नेझोपॅलाटाइन नर्व्ह बाहेर येते. मागे, वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेच्या आतल्या बाजूला बोट दाबत जा, एका जागी बोट हलकेच आत बसतं. ती ग्रेटर पॅलाटाइन नर्व्हची जागा. इथलं आवरण हाडाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की औषधाला पसरायला जागा नसते, म्हणून टाळूचं इंजेक्शन दुखतं. आधी जागा बोथट दांडीने दाबून धरा आणि औषध थेंब-थेंब सोडा.

तोंड उघडून "आ" म्हणा. टाळू हलतो आणि हलत नाही यांच्या सीमेवर रेषा दिसते. कवळीची मागची कड त्या रेषेवर संपवतात. पुढे सरकली तर कवळी सैल, मागे गेली तर उबळ.

सांधा

दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. आधी कॉन्डाइल, म्हणजे खालच्या जबड्याचं सांध्यातलं टोक, जागच्या जागी फिरतो, मग बोटाखालून पुढे सरकतो आणि तिथे खळगा पडतो. हा सरकण्याचा भाग लॅटरल टेरिगॉइड स्नायूचा. तोंड बंद करणारे तीन स्नायू आहेत: मॅसेटर, टेम्पोरॅलिस आणि मीडियल टेरिगॉइड. दात आवळून गाल आणि कानशील चाचपलंत की पहिले दोन टणक होताना कळतात. जबडा सुटतो तेव्हा कॉन्डाइल पुढच्या उंचवट्यापलीकडे अडकलेला असतो. म्हणूनच तो बसवताना आधी खाली दाबायचं, मग मागे. नुसता मागे ढकलला तर उंचवटा आडवा येतो.

आता तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तिन्ही बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. निरोगी माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं. फायब्रोसिसच्या पेशंटचं कधी दोन, कधी एकच बोट जातं.

शेवटी सुका मँडिबल, आणि परत तोंड

डिपार्टमेंटमधून मँडिबल, म्हणजे खालच्या जबड्याचं हाड, घ्या आणि तो तुमच्या स्वतःच्या जबड्यासारखा, हनुवटी पुढे, धरा. रॅमसच्या, म्हणजे मागच्या उभ्या भागाच्या, पुढच्या कडेवर अंगठा खालून वर सरकवा. सगळ्यात खोलगट जागी अंगठा आपसूक थांबतो, ती कोरोनॉइड नॉच. तिथून आतल्या बाजूला तर्जनी नेली की रॅमसच्या साधारण मध्यावर हाडाची छोटी जीभ लागते, लिंग्युला. तिच्यामागे मँडिब्युलर फोरामेन, खालच्या सगळ्या दातांची नर्व्ह तिथून आत शिरते. डोळे मिटून हे दहा वेळा करा.

मग आरशासमोर तोंड मोठं उघडा. वरच्या शेवटच्या दाढेमागून खालच्या शेवटच्या दाढेमागे उतरणारी एक उभी घडी ताणली जाते. तिच्यात टेरिगोमँडिब्युलर रॅफे, म्हणजे तंतूंची पट्टी आहे. अंगठा गालातून मागे सरकवून आत्ता हाडावर शोधलेली नॉच शोधा. खालचे दात बधिर करायचं इंजेक्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, देताना सुई शिरते ती अंगठा आणि घडी यांच्यामध्ये, खालच्या दातांच्या पातळीच्या सुमारे ६ ते १० मिलिमीटर वर. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून येते आणि हाड सुमारे २० ते २५ मिलिमीटरवर लागतं. लवकर लागलं तर सुई फार पुढे, गालाकडे आहे. लागलंच नाही तर ती मागे पॅरोटिडकडे गेली आहे, आणि तिथे औषध सोडलं की फेशियल नर्व्ह बधिर होऊन काही तास पेशंटचा डोळा मिटत नाही. औषध सोडण्याआधी ॲस्पिरेट करायचं, म्हणजे सिरिंज मागे ओढून रक्त येतं का ते बघायचं, कारण नर्व्हच्या शेजारी रक्तवाहिन्या आहेत. लहान मुलांत फोरामेन खाली, दातांच्या पातळीजवळ असतं. आणि दाढांच्या गालाकडची हिरडी या ब्लॉकने बधिर होत नाही, ती लाँग बक्कल नर्व्हची. "ओठ बधिर झालाय, पण हिरडी दुखतेय," असं पेशंट म्हणाला तर तो बरोबर सांगतोय.

पहिल्या वर्षी सुई हातात घ्यायची नाही. इअरबडचं कापसाचं टोक घ्या, ग्लोव्हज घाला, जोडीदाराच्या तोंडात त्या बिंदूवर ते हलकेच टेकवा आणि तिथेच धरून ठेवा. दुसऱ्या हाताने मँडिबल शेजारी धरा. बाजूने बघणाऱ्या तिसऱ्याला विचारा, बडची दिशा लिंग्युलाकडे आहे का? नसेल तर बड काढा, अंगठा परत नॉचवर आणा, आणि पुन्हा पहिल्यापासून.